गोमाचा जबाब

त्या वर्षी राब भाजायला आठवडाभर उशीर झाला. मे लागला तरी वाल्मीकमामाच्या रोपाच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळल्या फांद्या, गवत आणि वर भुरभुरवलेली माती असा गुडघाभर थर नुसताच पडून होता. तो जाळून जमीन भाजली की तण मरतं आणि भाताचं रोप जोमानं येतं. मुठा खोऱ्यातले बाकीचे राब केव्हाच काळे होऊन गार पडले होते. मामाचा तेवढा अजून पिवळा होता.

दिशाला इथं येऊन तीन आठवडे झाले होते. दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर थोड्याच दिवसांनी आईनं तिला बावधनहून चांदणी चौकात आणलं आणि एसटीत बसवलं. "महिना-दीड महिना राहा. मोकळी हवा मिळेल," आई म्हणाली. खरं कारण दोघींना माहीत होतं. पप्पांची कंपनीच्या बसवरची नोकरी फेब्रुवारीत सुटली होती. तेव्हापासून दोन खोल्यांत तिघांना पुरेल एवढी शांतता उरली नव्हती. आरोही, तिची शाळेतली मैत्रीण, पहिल्या आठवड्यात रोज मेसेज करायची. मग मनालीचे फोटो आले, मग नुसते अंगठे आले, मग तेही थांबले.

इथं तिला दीपाली भेटली. दीपाली गोमाची मुलगी, दिशाच्याच वयाची, तिनंही आश्रमशाळेतून दहावीचीच परीक्षा दिलेली. गोमा आणि त्याची बायको बाळाबाई मामाच्या रानात कामाला यायची. ओढ्यापलीकडे वरच्या माळावर त्यांचं एकच घर होतं, कारवीच्या कुडाचं, पत्र्याच्या छपराचं. गोमाचा बापही तिथंच जन्मला होता, पण जागा सातबाऱ्यावर मामाची होती. गोमाला सरकारी घरकुल मिळण्यासारखं होतं. घराखालच्या जागेला मामानं संमती लिहून द्यायची, एवढंच अडलं होतं. दोन वर्षं मामा म्हणत होता, "देऊ की. पळून चाललोय व्हय?"

राबासाठी रानातून फांद्यांचे भारे आणायचे काम दोघी पोरींनी मिळून केलं होतं. पहिल्या दिवशी दिशाच्या डोक्यावरचा भारा तीनदा पडला.

"मान ताठ ठेव," दीपाली मागून म्हणाली. "खाली काय बघतीस? पैसं पडल्यात का तुझं?"

"दगड दिसत नाहीत मग."

"पायाला दिसत्यात. चुंबळ मागं सरकव. आन् हळू चाल, मुहूर्त टळतोय का मांडवातला?"

चौथ्या दिवसापासून भारा पडायचा थांबला. ओढ्यावर बसून पाणी पिताना दीपाली बावधनच्या चौकश्या करायची. "लिफ्टमदी अडकलं तर?" "बटण असतं." "आन् बटनच अडकलं तर?" मग दोघी हसत सुटायच्या. मानेवर काटक्यांचे ओरखडे, तळव्याला फोड, आणि आपण कुणाला तरी उपयोगी पडतोय ही नवीन जाणीव. घरी पप्पांसमोरून जाताना ती हल्ली पाय न वाजवता जायची. इथं तिला पाय वाजवत चालता येत होतं.

राब भाजायचा तो पहाटे. त्या वेळी वारा डोंगरावरून ओढ्याकडे उतरतो, म्हणून जाळ ओढ्याकडच्या कडेला लावतात. मग तो वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकतो आणि जमीन सारखी भाजते. ऊन चढलं की वारा उलटतो आणि खालून डोंगराकडे निघतो. त्या दिवशी सगळे साडेसहालाच रानात येऊन बसले होते. मामा आला साडेदहाला. बंगल्यासाठी जागा बघणाऱ्या कुणाचा तरी फोन येणार होता, आणि घराच्या पायरीवरच काय ती रेंज मिळते.

गोमानं मूठभर माती उचलून सोडली. धूळ डोंगराकडे गेली.

"मालक, वारं फिरलंया. आज ऱ्हाऊ द्या. उद्या झुंजुमुंजू लावू."

"उद्या मला पौडला जायचंय, तहसीलीत."

"तुमी जावा की. मी लावतो."

"तू लावतोस! गेल्या साली तो कोपरा कच्चा ठिवलास, रोप पिवळं पडलं. मी समोर असल्याबिगर न्हाई लावायचा."

"मग वरच्या कडनं लावू. पर बांधावरचं गवत आदी कापावं लागंल. दोन तास द्या."

मामानं टोपी काढून घाम पुसला. बांधावर साळूमामी, बाळाबाई आणि दोघी पोरी उभ्या होत्या. सगळ्यांच्या समोर गडी आपल्याला शिकवतोय, हे त्याच्या मानेवर लाल चढत गेलेलं दिशाला दिसलं.

"आमच्या बापानं, आज्यानं, समद्यांनी ओढ्याकडनंच लावला राब. तू आता नवा कायदा काढणार व्हय रं? धर."

त्यानं काडेपेटी पुढं केली. गोमाचे हात खालीच राहिले.

"माझ्या हातानं न्हाई, मालक."

काडेपेटी क्षणभर तशीच पुढं राहिली. मग मामा वळला. "ए बावधन, हिकडं ये. भाचीच्या हातनं हू दे यंदा."

दिशाला आनंद झाला. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की तिला आनंद झाला होता. तिनं दीपालीकडे पाहिलं. दीपाली बापाच्या पायांकडे बघत होती. दिशा ओढ्याकडच्या कडेला गेली, उकिडवी बसली, दोन काड्या वाऱ्यानं विझल्या. तिसरी तिनं ओंजळीत धरली.

राब हळू पेटतो, धुमसतो. हा तसा पेटला नाही. वाऱ्यानं तो पाठीमागून ढकलला. पाच मिनिटांत जाळ तुकडा ओलांडून वरच्या बांधाला भिडला. बांधावरच्या कमरेएवढ्या वाळल्या गवतानं एकदम कापड फाटल्यासारखा आवाज केला आणि आग डोंगराला लागली.

"डहाळ्या तोडा! वरनं आडवं व्हा, वरनं!" गोमा ओरडत पुढं पळाला. निरगुडीच्या ओल्या फांद्यांनी सगळ्यांनी जाळ झोडपायला सुरुवात केली. झोडपलं की तो बसायचा आणि पाठ फिरवली की उठायचा. दिशाच्या घशात राख गेली, डोळे उघडेनात. दीपालीच्या वेणीचं टोक जळून आखडलं. गोमानं पेटलेला ओंडका हातानं उचलून दरीत टाकला तेव्हा तो काही ओरडला नाही, फक्त नंतर त्याला डाव्या हातानं फांदी धरवेना. दुपारी अडीचला वरच्या कातळापाशी आग थांबली, कारण पुढं जळायला काही नव्हतं. तोवर वनखात्यानं दोन वर्षांपूर्वी लावलेली बांबूची रोपं ओळीनं काळी झाली होती.

वनखात्याचा गार्ड त्याच संध्याकाळी मोटरसायकलवर आला. तरुण होता. काळ्या डोंगरावर चढून, मोबाइलवर माप घेऊन उतरला आणि मामाच्या ओट्यावर पाणी प्यायला.

"कुणी लावला?"

"गडीमाणसं असत्यात, साहेब," मामा म्हणाला. "अडाणी. बघू आपण."

"आपण नाही बघायचं. नाव पाहिजे. परवा सकाळी येतो. ज्यानं लावला त्याचा जबाब कागदावर लिहून ठेवा. मी त्याच्यासमोर वाचून घेईन, मग अंगठा."

दिशा दाराआड उभी होती. 'मी' हा शब्द तिच्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला. साळूमामीनं तिला कोपरानं आत ढकललं. "चुलीवर दूध हाय. बघ जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमा ओट्याच्या खाली उभा होता. हाताला कोरफडीचा गर लावून वर जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं होतं. मामा पौडला गेला नव्हता.

"हे बघ," मामा म्हणाला, "राब भाजताना ठिणगी उडाली. तुझ्या हातनं. यवढंच म्हनायचं. काय दंड असंल त्यो मी भरतो. आन् तुझ्या घराच्या कागदावर याच हप्त्यात सही करतो."

गोमानं हातावरच्या फडक्याची गाठ दातांनी आवळली.

"राबातनं गेली. यवढंच?"

"यवढंच. आईची आन."

"बरं," गोमा म्हणाला.

दीपाली ओढ्यावर धुणं आपटत होती. दिशा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मी सांगणार आहे गार्डला. मी लावली ते."

दीपालीनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं. "आन् मग?"

"मग गोमाकाकांवर काही येणार नाही."

"आन् घर?"

दिशानं दगडावरचा साबण उचलला आणि परत ठेवला.

"तुला काय हुतंय? तू सांगशील, तुझं मन मोकळं हुईल, एसटीत बसून जाशील. तुझा मामा सही करंल का मग? माझ्या बानं दोन साल त्याच्या ओट्याखाली उभं राहून काढल्यात. दंडच हाय ना? भरतो म्हणलाय ना त्यो? मग तू गप ऱ्हा."

"पण खोटं आहे ते."

"आमचंच खोटं हाय. आमी बोलू." दीपालीनं पुन्हा लुगडं उचललं. "गप ऱ्हाशील का न्हाई?"

"राहीन."

"शपथ घे."

दिशानं शपथ घेतली. दीपालीनं तिच्या गुडघ्यावर ओला हात ठेवला, क्षणभरच, आणि पुन्हा धुणं आपटायला लागली.

दुपारी जेवणं झाल्यावर मामानं दिशाला हाक मारली. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलेलं होतं. "तुझं अक्षर चांगलं हाय. ल्ही. मी सांगतो."

तिनं लिहायला घेतलं. मी, गोमा, राहणार वरचा माळ, लिहून देतो की. मामा अडखळत, कोर्टाच्या कागदासारखी भाषा जुळवत सांगत होता. "दिनांक अमुक रोजी सकाळी अकराच्या सुमारास... पुढं ल्ही... गुरांसाठी कोवळं गवत यावं म्हणून मी स्वतः होऊन डोंगराच्या पायथ्याला जाळ लावला."

दिशाचं पेन थांबलं.

"मामा, राबाचं राहिलं."

"राबाचं न्हाई लिवायचं."

"पण तुम्ही गोमाकाकांना सांगितलं—"

"राब म्हनलं की शेत कुनाचं, ते इचारत्यात. शेत माझं. मग काडी कुणी लावली, ते इचारत्यात." मामाचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "मग तुझं नाव यील. अकरावीला ॲडमिशन घ्यायचीय ना? पोलीस-फॉरेस्टात नाव गेल्यालं चालंल तुझ्या बापाला? आदीच घरात काय चाललंय, म्हाईत हाय मला. मी तुझ्यासाठीच करतोय हे. ल्ही."

घरातलं मामाला माहीत होतं, हे तिला पहिल्यांदा कळलं. तिनं लिहिलं. तिचं अक्षर खरोखरच चांगलं होतं, शाळेत दोनदा बक्षीस मिळालेलं. 'मी स्वतः होऊन' ही अक्षरं बाकीच्यांइतकीच सरळ उमटली.

संध्याकाळी पायरीवर आईचा फोन लागला.

"आई, आम्ही राब पेटवला ना, तेव्हा—"

"अरे वा! फोटो पाठव," आई म्हणाली. मागं टीव्ही मोठ्यानं चालू होता, म्हणजे पप्पा घरात होते. "मामाला त्रास नाही ना देत? त्यानं ठेवून घेतलंय तुला, ध्यानात ठेव. इथलं जरा ठीक होईपर्यंत... दिशा? ऐकतेस ना?"

"हो."

"मग तेव्हा काय?"

"काही नाही. खूप धूर झाला."

दीपालीला कागदातला बदल सांगायला हवा होता. माळ समोरच दिसत होता, दहा मिनिटांची चढण. दिशा गेली नाही. दंड काय, केस काय, आपल्याला नीट कळत नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मामा मोठा आहे. शिवाय शपथ घेतली आहे. एवढी कारणं जमल्यावर तिला आपली भीती ओळखता येईना.

गार्ड सकाळी आठलाच आला. मामानं सतरंजी टाकली, साळूमामीनं पोहे दिले. गोमा ओट्याखाली उभा राहिला. बरोबर दीपाली आली होती, ती जनावरांच्या गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. मामा तिला म्हणाला, "पोरीचं काय काम हितं?" गार्ड म्हणाला, "असू द्या."

कागद त्यानं वरवर पाहिला. "अक्षर कुणाचं?"

"भाचीचं. बावधनला असती. हुशार हाय."

"मग तिलाच वाचू द्या. सावकाश वाच. गोमा, तू ऐक. चुकीचं असेल तर सांग."

मामानं दिशाकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ तिला कळला. कागद तिच्या हातात होता, गोमाला वाचता येत नव्हतं. तिनं 'राब भाजताना ठिणगी उडाली' असं म्हटलं असतं, तर गोमानं मान डोलावून अंगठा दिला असता. दीपाली खांबापाशी होती, तिथून कागद दिसत नव्हता.

दिशानं वाचायला सुरुवात केली. नाव, राहणार, दिनांक. तिचा आवाज शाळेत प्रतिज्ञा म्हणताना व्हायचा तसा सपाट होता. "गुरांसाठी कोवळं गवत यावं म्हणून," ती म्हणाली आणि थांबली.

"पुढं?" गार्ड म्हणाला.

"मी स्वतः होऊन डोंगराच्या पायथ्याला जाळ लावला."

गोमानं मान वर केली.

"असं न्हवतं ठरलं, मालक."

"अरे, लिवायची पद्धत असती ती—"

"डोंगर मी न्हाई पेटवला. माझी गुरंच न्हाईत. दोन शेरडं हायेत." गोमाचा आवाज वाढला नव्हता. "राब म्हना. राबाचं मी घितलं हुतं अंगावर."

"अंगावर घेतलं होतं म्हणजे?" गार्डनं पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

गोमानं मामाकडे पाहिलं. मामानं सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. दिशानं कागद खाली ठेवला. दीपाली खांबापासून सुटून एक पाऊल पुढं आली होती आणि तिचं डोकं अगदी हळू, नकाराचं, हलत होतं. दिशानं ते पाहिलं. पाहूनच ती बोलली.

"काडी मी लावली. राबाला. ओढ्याकडच्या कडेनं."

"कुणी सांगितलं लावायला?"

तिला मामाकडे न बघता उत्तर द्यायचं होतं, पण तिनं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. चारचौघांत सदरा फाटलेल्या माणसासारखा तो बसला होता, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"मामांनी. गोमाकाका नको म्हणत होते. वारा फिरलाय म्हणाले होते."

"खरं का?" गार्डनं ओट्यावर सगळ्यांना विचारलं. साळूमामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ती उठली आणि आत गेली. कुणीच ते खोटं आहे असं म्हटलं नाही.

गार्डनं तो कागद घडी करून खिशात घातला आणि बॅगेतून दुसरा काढला. "वाल्मीकराव, आता तुम्ही सांगा. मी लिहितो."

त्याला एक तास लागला. तो गेल्यावर मामा सतरंजीवरून उठला नाही. मग तो खाली न बघता गोमाला म्हणाला, "घराच्या कागदाचं आता बघू फुडं."

"आता बघू नका, मालक," गोमा म्हणाला आणि पाठ वळवून माळाची वाट चालायला लागला. दीपाली त्याच्यामागं गेली. दिशाजवळून जाताना ती थांबली नाही.

मामानं जेवताना एकदाच तोंड उघडलं. "तुझ्या आईला फोन केलाय. उद्या पयल्या एसटीनं येतीय." मामीनं तिच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "जाताना ह्यांच्या पाया पड. आन् दिशे, आमी तुला पोरीवानी ठिवलं हुतं, यवढं ध्यानात ठिव." दिशानं भाकरी मोडली. गिळायला पाणी लागलं.

दुपारी माळावरून ठोकल्याचे आवाज यायला लागले. ऊन उतरेपर्यंत ते थांबले नाहीत. चारच्या सुमाराला दिशा कुणाला न सांगता वर गेली.

घराचं छप्पर निम्मं उतरलं होतं. गोमा आढ्यावर बसून उजव्या हातानं खिळे उपसत होता. भांडी, हांडे, दोन शेरडं आणि दहावीची पुस्तकं भरलेलं खोकं आंब्याच्या सावलीत ठेवलेलं होतं. खिंडीपलीकडे बाळाबाईच्या भावाच्या नावावर थोडी जमीन होती. पाऊस यायच्या आत तिथं कूड उभे करायचे होते.

दीपाली उपसलेले वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कशाला आलीस?"

"काही काम आहे का?"

"लई हाय." तिनं एक खिळा डब्यात टाकला. "काल लिवलंस तवा हात थांबला न्हाई का तुझा?"

"थांबला होता."

"मग?"

"मग लिहिलं."

"आन् हितवर यायला पाय न्हवतं? रातीत आमाला कळलं असतं तर बा गेलाच नसता ओट्यावर. आदी सही मागितली असती. काईतरी केलं असतं. तू थेट तितंच वाचलंस, समद्यांम्होरं."

"भ्यायले होते."

"मी बी भ्याले हुते," दीपाली म्हणाली. "रोजच भिते."

दिशाला माफी मागायची होती. वाटेत तिनं वाक्य जुळवलंही होतं. इथं ते तिला मामाच्या कागदासारखं वाटलं, छान अक्षरातलं. तिनं एक वाकडा खिळा उचलून दीपालीपुढं ठेवला. डोंगराचा काळा उतार समोर होता आणि वारा तिकडून राख उडवून पायांवर आणत होता.

"पोरींनू, बोलनं मागनं करा," बाळाबाई आंब्याखालून ओरडली. "दिस बुडायच्या आत दोन खेपा व्हाया पायजेत. पत्रं उचला."

दीपाली उठली. तिनं लांब पत्र्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक जमिनीवरच होतं. तिनं दिशाकडे बघितलं, मग कमरेचं फडकं सोडून तिच्याकडे फेकलं.

"ते गुंडाळून धर. कड लई धारंची हाय, हात कापंल."

दिशानं फडकं तळव्यांना गुंडाळलं आणि पत्रा उचलला. दोघी खिंडीच्या वाटेला लागल्या, दीपाली पुढं, दिशा मागं. चढावर वारा पत्र्यात शिरला आणि पत्रा दिशाच्या हातातून सुटू पाहू लागला. तिनं दात आवळून तो पोटाशी दाबून धरला. पुढचं टोक स्थिर होतं. दीपालीचं तोंड तिला दिसत नव्हतं, पाठ दिसत होती आणि वेणीचं जळकं टोक.

"डाव्या हाताला खड्डा हाय," दीपाली पुढं बघतच म्हणाली.

दिशानं पाय उजवीकडे टाकला.